लहान मुलांची बाग : पहिल्या वर्षाचे काही सोपे उपक्रम

निवासी शाळेत राहणाऱ्या लहान मुलाचा दिवस घंटेने बांधलेला असतो. उठण्याची, वंदनेची, न्याहारीची, अभ्यासाची आणि झोपण्याची वेळ मोठ्यांनी ठरवून दिलेली असते. ही शिस्त आवश्यक आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु घरापासून दूर राहणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाच्या वाट्याला अशी एखादी तरी गोष्ट यावी, जी त्याच्यावर अवलंबून आहे आणि जिची काळजी त्याने घेतली नाही तर तिचे काही अडेल, असे आम्हांस वाटते. रोप ही अशी गोष्ट आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने, ज्यांनी स्वतः कधी कुंडीही हाताळलेली नाही अशा शिक्षकांना व पालकांना लहान मुलांसमवेत करता येतील असे काही उपक्रम येथे मांडत आहोत.

बालशिक्षण आणि बाग यांचे नाते जुने आहे. जर्मनीतील शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिक फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ म्हणजे ‘मुलांची बाग’ हे नाव दिले. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्यात पाने, बिया, शिंपले, खडे हेच शिक्षणाचे साहित्य होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे शाळाच कुरणावर नेण्यात आली. या कामांमागचा विचार एकच होता : मुलाने जिवंत वस्तूशी संबंध ठेवावा आणि तो स्वतःच्या हातांनी ठेवावा.

असे उपक्रम पुष्कळदा फसतात. उत्साहाने रोपे आणली जातात, समारंभाने लावली जातात आणि महिन्याभरात कोणी तिकडे फिरकत नाही. यात मुलांचा दोष नसतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ‘हे झाड पाच वर्षांनी फळ देईल’ या वाक्यातून काहीच बोध होत नाही. त्याला उद्याचे कळते, परवाचे कळते, फार तर पुढच्या रविवारचे कळते. म्हणून उपक्रम निवडताना ‘कोणते झाड सुंदर’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘किती दिवस वाट पाहावी लागेल’ हा प्रश्न आधी विचारावा. दोन-तीन दिवसांच्या प्रतीक्षेपासून आरंभ करून चार महिन्यांच्या प्रतीक्षेपर्यंत मुलाला पायरी-पायरीने न्यावे, एवढेच आमच्या म्हणण्याचे सार आहे. पुढील उपक्रम याच क्रमाने दिले आहेत.

आरंभापूर्वी : जागा, भांडी, माती, पाणी

नावडे परिसराची जमीन एके काळी भातशेतीची होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि खाचरांवर भराव पडला. त्यामुळे आज येथे अंगण खणू गेल्यास पुष्कळ ठिकाणी मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा हाती लागतो. अशा जमिनीत मुलांना वाफे करावयास लावणे म्हणजे त्यांना पहिल्याच दिवशी नाउमेद करणे होय. आरंभ कुंडीत, क्रेटमध्ये किंवा जाड पिशवीत करावा.

भांड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. औद्योगिक वसाहतीच्या आसपास भंगारात निळी प्लॅस्टिकची पिंपे स्वस्तात मिळतात. त्यांत पूर्वी कोणते रसायन होते हे आपणांस ठाऊक नसते. खाण्याची भाजी अशा पिंपात कधीही लावू नये. खाद्यतेलाचे रिकामे डबे, फळांचे क्रेट, नव्या कुंड्या हे चालेल. डब्याच्या धारदार कडा मोठ्यांनी ठोकून आत वळवाव्यात आणि तळाला चार-पाच भोके पाडावीत.

माती खात्रीच्या ठिकाणाहून आणून चाळून घ्यावी. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग भाताचा तूस किंवा कोकोपीट असे मिश्रण भुसभुशीत राहते व पाणी धरून ठेवते. पाणी नळाचे किंवा छपरावरून साठवलेले पावसाचे वापरावे. नाल्याचे किंवा ओढ्याचे वापरू नये. भांडी जेथे निदान पाच तास ऊन येते, आणि जेथून मुले दिवसातून दोनदा सहज जातात, अशा जागी ठेवावीत. भोजनगृहाच्या वाटेवरची जागा सर्वांत उत्तम, कारण इमारतीमागच्या बागेची आठवण मुलांना राहत नाही.

बियाण्यांविषयीही सांगितले पाहिजे. बाजारातील पाकिटांतील बियांना पुष्कळदा गुलाबी किंवा निळसर रंगाचे बुरशीनाशक लावलेले असते. लहान मुलांच्या हाती ते देऊ नये. मेथी, धने, मोहरी, वाल, मूग, चवळी ही सारी बियाणी स्वयंपाकघराच्या डब्यांतच असतात. भेंडीसारखे बी एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून, झाडावर वाळलेल्या शेंगेतले मागून घ्यावे.

पहिला उपक्रम : पेल्यातला वाल (दोन-तीन दिवस)

रायगड जिल्ह्यातील मुलांना वाल सांगावा लागत नाही. भात कापल्यावर जमिनीतल्या उरल्या ओलाव्यावर येणारे हे पीक. थंडीत भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावतात, ती याच वालाची. हा ओळखीचा दाणा पहिल्या धड्यास योग्य.

दाणे रात्रभर पाण्यात भिजत घालावेत. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्यात आतून टीपकागद किंवा जाड कागद गुंडाळून बसवावा, मधल्या पोकळीत ओला कापूस भरावा आणि पेला व कागद यांच्यामध्ये दोन-तीन दाणे असे खोचावेत की ते बाहेरून दिसतील. कागद ओला राहील एवढेच पाणी घालावे. तळाशी पाणी साचले तर दाणे कुजतात. दोन-तीन दिवसांत मूळ बाहेर पडते आणि आठवड्याभरात अंकुर वर येतो.

यात एक प्रयोग अवश्य करावा. एक दाणा सरळ, एक आडवा आणि एक उलटा ठेवावा. मूळ कोणत्या दिशेला जाईल, हे मुलांना आधी सांगू द्यावे. पुष्कळ मुले म्हणतील, उलट्या दाण्याचे मूळ वर जाईल. प्रत्यक्षात तिन्ही मुळे खालीच वळतात. मग मूळ फुटलेला पेला आडवा करून ठेवावा. एक-दोन दिवसांत मुळाचे टोक पुन्हा जमिनीकडे वळलेले दिसते. गुरुत्वाकर्षण हा शब्द त्या वयात सांगण्याची घाई नको. ‘अंधारातही मुळाला खाली कुठे ते कळते’ एवढे मुलाने स्वतः पाहिले, म्हणजे पुरे. सांगितलेले मानण्यापूर्वी करून पाहावे, ही सवय येथूनच लागते.

दुसरा उपक्रम : क्रेटमधली मेथी (दोन आठवडे)

मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या इवल्याशा जुड्या मिळतात. ती मेथी वाळूत दाट पेरून कोवळी असतानाच उपटलेली असते. हीच रीत आपण क्रेटमध्ये वापरू शकतो. क्रेटमध्ये कागद अंथरून चार बोटे माती भरावी. रात्रभर भिजवलेली मेथी मुलांनी मुठीने विखरावी आणि वर मातीचा पातळ थर द्यावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर दिसतात, आणि दोन आठवड्यांच्या सुमारास बोटभर उंचीची मेथी उपटून घेता येते. पूर्ण वाढीची जुडी हवी असल्यास महिनाभर थांबावे.

मेथीला मुसळधार पाऊस सोसत नाही. पावसाळ्यात क्रेट ओसरीच्या कडेला, छपराखाली पण उजेडात ठेवावा. दिवाळीनंतरच्या थंडीत मात्र ती उघड्यावर उत्तम येते. त्याच सुमारास धनेही पेरावेत. धना हलक्या हाताने रगडून त्याचे दोन भाग करावे लागतात, आणि उगवण्यास आठ ते बारा दिवस लागतात. मेथी आधी आणि कोथिंबीर नंतर, असा क्रम ठेवल्यास मुले या लांबलेल्या दिवसांनी अस्वस्थ होत नाहीत.

तिसरा उपक्रम : बियांशिवाय रोप (एक ते तीन आठवडे)

झाड केवळ बीपासूनच होते, या समजुतीला येथे छेद बसतो. पुदिन्याची वीतभर काडी घेऊन खालची पाने काढावीत आणि पेलाभर पाण्यात ठेवावी. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे दिसू लागतात. मग ती कुंडीत लावावी. पाणी एक दिवसाआड बदलावे.

पानफुटीचे पान तर ओलसर मातीवर नुसते ठेवले तरी त्याच्या कडेच्या खाचांतून लहान-लहान रोपे फुटतात. एका पानापासून पाच-सहा मुलांना एकेक रोप मिळते. सुटीत घरी नेण्यास किंवा नव्याने वसतिगृहात आलेल्या मुलाला देण्यास याहून सोपी भेट नाही. ओव्याच्या पानांचे झुडूप आणि गवती चहाचे ठोंब हेही याच उपक्रमात घ्यावेत. अळू मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नये. त्याच्या रसाने खाज सुटते.

चौथा उपक्रम : पिशवीतली भेंडी (सहा-सात आठवडे)

इथवर आलेले मूल दीड महिना थांबण्यास तयार झालेले असते. जूनअखेरीस, भिजवलेले भेंडीचे बी बोटाच्या एका पेराएवढे खोल लावावे. प्रत्येक पिशवीत दोन बिया लावून पुढे जोमदार रोप तेवढे ठेवावे. चार ते सहा दिवसांत रोप वर येते आणि ऑगस्टच्या मध्यास पिवळे, आत गर्द जांभळ्या डोळ्याचे फूल उमलते. ते एकच दिवस टिकते. फूल गळाल्यावर त्याच जागी भेंडी धरते, हे मुलांनी रोज जाऊन पाहावे. ‘फुलाची भाजी कशी होते’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना पुस्तकाआधी मिळते. भेंडी एक दिवसाआड तोडावी, नाही तर ती निबर होते. एक शेंग मात्र झाडावर वाळू द्यावी आणि पुढच्या वर्षाचे बी म्हणून ठेवावी. वर्षाचे वर्तुळ पूर्ण होते ते त्या शेंगेत.

पानांवर मावा दिसल्यास साबणाच्या सौम्य पाण्याचा फवारा मोठ्यांनी मारावा. विषारी कीटकनाशक शाळेच्या आवारात आणूच नये.

पाचवा उपक्रम : टबमधला भात (चार महिने)

हा उपक्रम एकट्या मुलाचा नव्हे, साऱ्या वर्गाचा. तिसरी-चौथीची मुले त्यात पुढे असावीत. नावड्याच्या मुलांनी तो करावा, असा आमचा आग्रह आहे. येथील खाडीलगतची जमीन खारी. बांध घालून समुद्राचे पाणी अडवायचे आणि पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन मग भात लावायचा, अशी या भागातील शेतीची रीत होती. कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे, आणि क्षार सहन करणाऱ्या भाताच्या तेथे विकसित झालेल्या जातींना ‘पनवेल’ हेच नाव आहे. ज्या गावाचे नाव मुले रोज बसवर वाचतात ते भाताचेही नाव आहे, हे त्यांना अवश्य सांगावे.

शाळा उघडताच, जूनच्या मध्यास, हळव्या जातीचे साळीचे दाणे भिजवून एका क्रेटमध्ये दाट पेरावेत. हे आपले आवण. तीन आठवड्यांनी रोपे वीतभर झाली की भोक नसलेल्या टबात चिखल करून, दोन-तीन रोपांचे चूड असे वीतभर अंतरावर लावावेत. चिखलात पाय घालण्याची इच्छा मुलांना होणारच. हात तरी जरूर घालू द्यावेत. चिखलावर दोन बोटे पाणी पुरे. डासांची उत्पत्ती होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा ते पाणी पूर्ण काढून टाकावे आणि एक दिवस कोरडा जाऊ द्यावा. भाताचे त्याने बिघडत नाही.

सप्टेंबरात लोंब्या निसवतात, दाणे भरताना त्या वाकतात, आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी कापणी होते. चिमण्यांनी त्यातला वाटा घेतला तरी हरकत नाही. एका टबातून फार तर मूठ-दोन मुठी साळ मिळेल. ती मुलांनी सोलावी, तांदूळ मोजावेत. एवढ्या तांदळाला चार महिने लागले, हे ज्या मुलाने पाहिले त्याला ‘ताटात अन्न टाकू नये’ हे निराळे सांगावे लागत नाही.

स्वयंपाकघराचे खत

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रोज टोपलीभर साली निघतात. भोके पाडलेल्या पिंपात एक थर साली व भाजीचे देठ आणि त्यावर दुप्पट वाळका पालापाचोळा, असे थर द्यावेत. आठवड्यातून एकदा वर-खाली करावे. शिजलेले, तेलकट अन्न त्यात घालू नये. वास सुटतो व उंदीर येतात. दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत तयार होते. पाचोळ्याचे ढीग मात्र मुलांच्या वाटेवर ठेवू नयेत. पावसाळ्यात त्यांत विंचू व साप आश्रय घेतात. पाचोळा उपसण्याचे काम मोठ्यांचेच. कण्हेर, धोतरा, एरंड आणि गुंज ही विषारी झाडे लहान मुलांच्या बागेत नसावीत, आणि काम संपल्यावर साबणाने हात धुणे हा बागकामाचाच भाग मानावा.

नोंदवही

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने सामान्य शेतकऱ्यांना स्वतःच्या शेतात प्रयोग करण्यास, नोंदी ठेवण्यास आणि त्या एकमेकांस सांगण्यास प्रवृत्त केले. वर्गातील मुलांचा असाच छोटा परिवार होऊ शकतो. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढावे. रोपाशेजारी काडी उभी करून दर सोमवारी त्यावर खूण करावी. ‘माझी मेथी कुजली, तुझी का नाही?’ हा प्रश्न एका मुलाने दुसऱ्यास विचारला, म्हणजे आपले काम झाले असे समजावे.

रोपे मरतील, हेही गृहीत धरावे. मेलेले रोप मुलांच्या नकळत बदलून टाकण्याचा मोह मोठ्यांना होतो, तो आवरावा. काय झाले असेल, याचा विचार मुलाबरोबर बसून करावा. पाणी अधिक झाले? ऊन कमी पडले? कारण शोधता येते आणि पुन्हा पेरता येते. मुलाला दोष देऊ नये आणि खोटा दिलासाही देऊ नये.

श्रम आणि वेठ

शेवटी एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आमच्या विद्यालयातील अनेक मुलांचे आजे-पणजे दुसऱ्यांच्या जमिनीवर राबले. ते राबणे त्यांनी निवडलेले नव्हते आणि त्याचे पीकही त्यांचे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते याच वेठीविरुद्ध. वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडले. १९६४ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी देशभर सत्याग्रह केला, तो कसण्यास जमीन मिळावी म्हणून. हा इतिहास ज्यांच्या घरचा आहे, त्या मुलांच्या हाती खुरपे देताना शिक्षकाने फार जपले पाहिजे. आपले मूल शाळेत शिकण्यासाठी पाठवले की माती उपसण्यासाठी, असे एखाद्या पालकाने विचारले, तर तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या वागण्यातून मिळाले पाहिजे.

म्हणून आम्ही चार नियम महत्त्वाचे मानतो. बागकाम कधीही शिक्षा म्हणून देऊ नये. शिक्षकाने काठावर उभे न राहता मुलांबरोबर मातीत हात घालावेत. पाणी घालणे, खत उपसणे, झाडणे ही कामे मुलगा-मुलगी असा भेद न करता पाळीपाळीने सर्वांनी करावीत. ‘हलके काम’ असा शब्द बागेत नसावा. आणि पिकाचे काय करायचे, हे ज्यांनी ते पिकवले त्या मुलांनीच ठरवावे. त्यांनी मेथी स्वयंपाकघरात द्यावी, मावशींना द्यावी की भेटीस आलेल्या आईच्या पिशवीत ठेवावी, यात आपण हस्तक्षेप करू नये. श्रम आणि वेठ यांतील भेद व्याख्यानाने कळत नाही. आपण लावले, आपण जपले आणि त्याचे काय करायचे ते आपणच ठरवले, या अनुभवाने तो कळतो.

ज्यांना हे सारे एका वर्षात झेपणार नाही असे वाटते, त्यांनी दहा पेले, मूठभर वाल आणि थोडा कापूस एवढ्यावर आरंभ करावा. दिवाळी व उन्हाळ्याच्या सुटीत पाणी कोण घालणार हे आधी ठरवावे. कोणी नसेल तर सुटीपूर्वी पीक काढून घ्यावे आणि कुंड्या रिकाम्या ठेवाव्यात. सुटीहून परतलेल्या मुलाला वाळलेली बाग दिसण्यापेक्षा रिकामी कुंडी दिसलेली बरी. तिच्यात त्याला नव्याने काही पेरता येते.